जिव्हाळी

२१ जून

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. फोनवर नको, लिहूनच कळव, असं म्हणालात ते बरं झालं. फोन आईंच्या उशाशी असतो, आणि झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली असली तरी कान पूर्वीसारखेच तिखट आहेत. शाळा सुटून बारा वर्षं झाली, मुख्याध्यापकपण काही सुटलेलं नाही.

इकडे सगळं ठीक. ह्यांची शीतगृहातली पाळी तीच. सकाळी सहाला गेले की संध्याकाळी उगवतात. मला सोफ्याच्या कव्हरांचं काम भरपूर आहे, सध्या एका दवाखान्याच्या बाहेरच्या बावीस खुर्च्या चालू आहेत. शिलाई मशीन मी आईंच्या खोलीत हलवलंय, म्हणजे त्यांना दिवसभर सोबत होते. त्याबद्दल ह्यांनी माझं कौतुक केलं. आईंच्या उजव्या हाताला गार लागतं म्हणून मऊ कापडाचा एक मोजाही शिवलाय, मनगटाला नाडी असलेला. तोही ह्यांना आवडला.

आता ठिपकीचं. फेब्रुवारीत तुम्ही तिला प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणून आईंच्या सोबतीला ठेवलंत, तेव्हा ती तीन दिवस कपाटामागून निघाली नव्हती. आता आईंच्या मांडीवरून निघत नाही. ओरबाडण्याचं म्हणाल, तर मधल्या खोलीतला सोफा तिनं आल्या आल्या धरला होता. चूक सोफ्याची. सैल, जाड विणीच्या कापडात नख छान अडकतं आणि ओढायला मजा येते. मी घट्ट विणीचं गुळगुळीत कापड चढवलं, कोपऱ्यांना दुहेरी चिकटपट्टी लावली आणि शेजारी सुतळी गुंडाळलेला खांब उभा केला. चार दिवस तिनं खांबाकडे ढुंकून पाहिलं नाही. शेवटी मीच त्याच्यासमोर बसून नखांनी खरखर करून दाखवली. आई खाटेवरून, उघड्या दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "शोभतंय तुला." पण पाचव्या दिवसापासून बाईसाहेब खांबाला लागल्या. मांजराला ओरबाडू नको सांगून भागत नाही, कुठे ओरबाडायचं ते दाखवावं लागतं.

नखंही तुम्ही शिकवलंत तशीच कापते, दर दुसऱ्या रविवारी. पंजाची गादी हलकेच दाबायची, नख बाहेर येतं, टोकाचं पारदर्शक तेवढं उडवायचं, आतली गुलाबी जिव्हाळी सोडायची. तुमचा सूचनांचा कागद फ्रिजवर लावलेला आहे.

आईंच्या हाताच्या पट्टीचं विचारलंत. विशेष काही नाही. मांजर आहे, उतरताना एखादं नख लागतं. आईंची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे जरासं लागलं तरी वाहतच राहतं. मी धुते, औषध लावते, बांधते. काळजी नसावी.

थांबते. शिवलेला गठ्ठा न्यायला माणूस यायचाय.

तुमची
वहिनी


८ जुलै

प्रिय वन्सं,

आईंचा ताप काल थोडा उतरला. अजून चार-पाच दिवस तरी इस्पितळातच ठेवतील. हे रात्री थांबतात, मी दिवसा. हे पत्र त्यांच्या खाटेशेजारी बसूनच लिहितेय. त्या झोपल्या आहेत.

तुम्ही ह्यांना फोनवर सांगितलंत ते कळलं. सोमवारी निवाऱ्याची गाडी येऊन ठिपकीला परत नेणार. डॉक्टरांनी कागदावर मांजराच्या ओरखड्यातून संसर्ग असं लिहिलंय, तेव्हा तुमचं तरी काय चुकलं. पण मी निवाऱ्यात फोन केला होता. तिथल्या बाईंना विचारलं, परत आलेल्या मांजराचं पुढे काय होतं. त्या म्हणाल्या, "ओरबाडणारी म्हणून शेरा पडला की तिला कोणी नेत नाही. अशी मांजरं इथेच पिंजऱ्यात म्हातारी होतात. काही होतही नाहीत."

म्हणून तुम्हाला एक सांगायला हवं. दर दुसऱ्या रविवारी नखं कापते असं मी लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. खुर्च्यांचं काम डोक्यावर होतं. राहून गेलं.

गेल्या सोमवारी ठिपकी पुढचा डावा पाय उचलून लंगडायला लागली. मला वाटलं काटाबिटा रुतला असेल. पंजाला हात लावू देईना, म्हणून टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी पंजा हातात घेतला आणि विचारलं, "नखं शेवटची कधी कापली?"

म्हटलं, "दोन-तीन आठवडे झाले असतील."

त्या काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे चार महिन्यांचं नख आहे."

मग त्यांनी मला दाखवलं. मांजराला नखं अठरा. पुढे पाच-पाच, मागे चार-चार. त्यातलं पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं, आपल्या अंगठ्याच्या जागी असतं ते, जमिनीला टेकत नाही. खांबावर घासूनही ते पुरेसं झिजत नाही. कापलं नाही तर वळत जातं आणि गोल फिरून त्याच पंजाच्या गादीत शिरतं. ठिपकीचं शिरलं होतं. बाहेरून फक्त एक काळसर कमान दिसत होती, टोक आत. केस बाजूला केले तसा पू आला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घट्ट धरा. चावेल."

ती चावली नाही. त्यांनी कमान कापली, आतला तुकडा चिमट्यानं ओढला, तेव्हा ती एकदा ओरडली आणि माझ्या कोपराच्या बेचक्यात तोंड खुपसून बसली. जखम धुवेपर्यंत तशीच. खोलीभर तो वास पसरला होता. त्या वासानं मला दरदरून घाम फुटला.

असो.

गाडी रद्द करा, वन्सं. नखं कापली असती तर ओरखडे उठलेच नसते. दोष मांजराचा नाही, माझ्या आळसाचा आहे. यापुढे मी एकही पंधरवडा चुकवणार नाही.

तुमची
वहिनी


१० जुलै

वन्सं,

आज दुपारी तुम्ही ह्यांना फोनवर म्हणालात, "वहिनीला मांजराचा पुळका आलाय. आईचं तिला काही नाही." फोन मोठ्यानं चालू होता. मी तिथेच होते. पहिलं खरं आहे. दुसरंही खरं आहे. गाडी सोमवारी येणारच असेल, तर हे पत्र उद्या तुमच्या हातात पडायला हवं, म्हणून मी ते जलद टपालानं पाठवतेय.

नखं कापायची राहून गेली नव्हती. मी ती कापली नाहीत.

तुम्ही गेल्यावर पहिले दोन रविवार कापली. मार्चच्या सुरुवातीला एकदा ठिपकी आईंच्या मांडीवरून उडी मारून गेली आणि त्यांच्या हातावर एक लांब रेघ उठली. आईंच्या तोंडून आवाज निघाला. एकोणीस वर्षांत मी त्यांना कळवळताना ऐकलं नव्हतं. मी कापूस आणायला गेले आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. लगेच परत गेले नाही. त्यानंतर नखांना हात लावला नाही.

तुम्हाला आठवतं का माहीत नाही. माझं लग्न झालं त्या वर्षी तुम्ही कॉलेजात होतात. वयानं माझ्याहून लहान, तरी वन्सं म्हणायचं असं मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. रोज सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याआधी मला आईंसमोर हात धरावे लागत, शाळेत मुलांचे बघतात तसे. रेघभर नख दिसलं की त्या स्वतः नेलकटर घेऊन बसत. जिव्हाळीपर्यंत कापत. दहाही बोटं. "स्वच्छता म्हणजे काय ते तुझ्या घरी कोणी शिकवलेलं दिसत नाही." नंतर तीन-तीन दिवस मला सुई धरता यायची नाही. बोटांना चिंध्या बांधून मी मशीन चालवायची, आणि शिवलेलं त्या उसवायच्या, टाका वाकडा म्हणून. एकदा तुम्ही दारात उभ्या होतात. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही वही घेऊन आत गेलात.

माझी आई गेली तो निरोप सकाळी नऊला आला होता. मला संध्याकाळी पाचला सांगितला. त्या दिवशी त्यांच्या शाळेतल्या बाई जेवायला यायच्या होत्या. मी विचारलं, सकाळीच का नाही सांगितलंत. म्हणाल्या, "सकाळी सांगितलं असतं तर स्वयंपाक कोणी केला असता?"

हे मी बचाव म्हणून लिहीत नाही. हिशेब कधी मिटत नाही, हे मला माहीत आहे. पण कारण विचाराल, म्हणून लिहिलं.

नखं वाढली तशी मी एक गोष्ट हेरली. ठिपकी दचकली की पंजे उघडून, मांडीत रोवून उडी मारते. माझं मशीन जाड कापडाचं, सुरू होताना धडाड आवाज करतं. म्हणून मी ते आईंच्या खोलीत हलवलं. सोबत वगैरे काही नाही. मी थांबायची. ठिपकी मांडीवर गोळा होऊन झोपली, आईंचा डावा हात तिच्या पाठीवर स्थिरावला, डोळे मिटले, की मशीनची पायपट्टी दाबायची. रोज नाही. रोज केलं असतं तर मांजर सरावलं असतं.

आणि मग मी जखमा नीट धुवायची. गरम पाणी, औषध, स्वच्छ पट्टी. ह्यांना वाटायचं, किती करते.

मे महिन्यात एके दुपारी आईंनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. हाताची पट्टी नुकतीच बांधून झाली होती. मला कळलं की त्यांना कळलंय. मीच विचारलं, "मुलाला का सांगत नाही?"

झटक्यानंतर त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "सांगितलं तर मांजर नेतील. तू राहशील."

त्या कितीतरी वर्षांनी एवढं नेमकं बोलल्या होत्या. मी हसले, वन्सं. त्याही हसल्या, अर्ध्या तोंडानं. आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पायपट्टी दाबली.

इथे थांबता आलं असतं. मांजर वाचवायला एवढं पुरेल. पण डॉक्टरीणबाईंकडच्या वासाचं लिहायचं राहिलं.

फ्रिजवरच्या तुमच्या कागदाला मागची बाजू आहे. पुढे मांजराचं, मागे आईंचं. गोळ्यांच्या वेळा, कूस बदलणं, आणि चौथ्या ओळीत तुमच्या वळणदार अक्षरात: उजव्या हाताची मूठ आपोआप आवळत जाते, रोज एकेक बोट सोडवून हात धुवावा, नखं वाढू देऊ नयेत. ती बाजू मी फ्रिजकडे ठेवली.

एप्रिलपासून मी ती मूठ उघडली नव्हती. मोजा शिवला तो गारठ्यासाठी नाही. ह्यांना दिसू नये म्हणून.

त्या सोमवारी ठिपकीच्या पंजातून तो वास आला, तेव्हा मला घाम फुटला तो त्यामुळे. त्याच वासावर आठवडाभर मी मोज्यावरून अत्तर शिंपडत होते.

घरी आले. ठिपकीची टोपली खाली ठेवली आणि मोज्याची नाडी सोडली. आई जाग्या होत्या, अंग तापलेलं. बोटं सुटेनात. कोमट पाण्यात अर्धा तास हात धरून एकेक सोडवलं. तीन नखं तळव्यात शिरली होती. शिवणाची बारीक कात्री घेऊन ती कापली, आतले तुकडे काढले, तळवा धुतला. आई ओरडल्या नाहीत. छताकडे बघत होत्या. मग मी ह्यांना फोन केला की आईंना ताप आहे, लवकर या. इस्पितळात पोचेपर्यंत हात स्वच्छ होता. डॉक्टरांना ओरखडे दिसले, घरात मांजर आहे हे कळलं, त्यांनी लिहून टाकलं.

तळव्याच्या जखमा मात्र लपण्यासारख्या नव्हत्या. ह्यांनी आईंना विचारलं, "हे कसं झालं?" मी खाटेच्या पायाशी उभी होते. म्हटलं, झालं. आता सांगतील. इथे मांजराचा प्रश्न नाही, इथे डॉक्टर आहेत, मुलगा आहे.

आई म्हणाल्या, "मीच उघडू देत नव्हते हिला."

बोलत होत्या ह्यांच्याशी, बघत माझ्याकडे होत्या. बरोबर बोलले ना, असं विचारल्यासारखं. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले.

आता मांजराचा जीव अडकलेला नव्हता, स्वतःचा होता. चार दिवसांनी आपल्याला हिच्याच हातात परत जायचंय, हा हिशेब त्यांनी केला. त्या मला घाबरतात, वन्सं. ज्या बाईला सगळी शाळा टरकून असायची, ती माझ्या मानेकडे बघून बोलते.

आईंसाठी मला वाईट वाटलं असतं, तर हे पत्र मी लिहिलं नसतं. मनातल्या मनात पश्चात्ताप करून नीट वागले असते. वाईट वाटलं ते ठिपकीसाठी, कारण तिनं माझं काही केलं नव्हतं. आईंनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला आवडलं. खाटेच्या पायाशी उभ्या उभ्या आतून ऊब आली. ती मी ओळखली, म्हणून लिहितेय.

रविवारी आईंना सोडणार आहेत. शनिवारी या आणि त्यांना तुमच्याकडे न्या. ह्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी नाही म्हणणार नाही. मांजर माझ्याकडे ठेवायला जीव धजत नसेल तर तिलाही न्या, पण निवाऱ्यात नको. तिच्या कागदावर तो शेरा मारू देऊ नका.

मी सुधारेन असं लिहिता आलं असतं. आईंना माझ्या हाती देऊ नका.

वहिनी


२२ जुलै

वन्सं,

शनिवारी मी तुमची वाट पाहिली. सोमवारी गाडीही आली नाही, तेव्हा पत्र पोचलं हे समजलं. तुमचं उत्तर काल आलं.

आईंना ठरल्याप्रमाणे रविवारी घरी आणलं. त्यांचा हात मी रोज उघडते. धुते, पुसते, मऊ कापडाची गुंडाळी तळव्यात ठेवते. आजपर्यंत रोज. मशीन मधल्या खोलीत नेलं. ठिपकीचा पंजा भरून आलाय आणि तिची अठरा नखं कापून झालीत. चालताना आवाज येत नाही आता तिचा.

तुमचं उत्तर मी उघडलं तेव्हा आई बघत होत्या. त्यांनी तुमचं अक्षर ओळखलं. "वाच," म्हणाल्या.

वाचून दाखवलं. सहाच ओळी होत्या. वहिनी, गाडी रद्द केली आहे, मांजर राहू दे. तू फार थकली आहेस, त्या भरात काहीतरी लिहिलंस असं मी धरते. तुझं पत्र मी फाडून टाकलं. दादाला काही कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस. मला वर्षअखेरीपर्यंत रजा मिळणं अवघड आहे. आईचं तुझ्याइतकं कोणीच केलं नसतं, हे आम्ही सगळे जाणतो.

आई बराच वेळ डाव्या हातानं ठिपकीची मान खाजवत राहिल्या. मग विचारलं, "तू काय लिहिलं होतंस तिला?"

"सगळं."

"हाताचं?"

"हाताचंही."

"आणि ती येत नाही?"

"नाही."

त्यांनी कागद मागितला. डाव्या हातात धरून स्वतः एकदा वाचला, ओठ हलवत. परत दिला. दुपारचे जेमतेम तीन वाजले होते, ह्यांना यायला अजून तीन तास होते. घरात आम्ही दोघीच.

"उत्तर लिही," त्या म्हणाल्या. आणि शाळेत शुद्धलेखन घालत असतील तसा एकेक शब्द सुटा करून मजकूर सांगितला. तो तुम्हाला जसाच्या तसा कळवायचं मी कबूल केलंय:

आम्ही ठीक आहोत.

वहिनी